ह्यूगोआधीचे तीस तास

२० सप्टेंबर १९८९, संध्याकाळी ६ : तीस तास आधी

ह्यूगो चक्रीवादळाचा पहिला इशारा साऊथ कॅरोलायनाच्या किनाऱ्याला मिळाला. नॉरफोकपासून मायामीपर्यंत सुमारे १,७६० किलोमीटर जाणारा इंट्राकोस्टल वॉटरवे इथे बेटं आणि मुख्य भूमी यांच्यामधल्या खाजणातून वळणं घेत जातो. छोट्या नावेतून कुत्र्यासोबत ही वाट धरणाऱ्याचा दिवस कुत्र्याच्या पोटावर ठरतो. सकाळ-संध्याकाळ त्याला जमिनीवर न्यावंच लागतं आणि इथला काठ म्हणजे पाय रुतवणारा चिखल, उंच गवत, पंजे कापणारी कालवं. भरती-ओहोटीत दीड मीटरहून जास्त फरक. कोरडा तुकडा सापडेपर्यंत तास निघून जातो. वादळ तीस तासांवर असताना असे तास मोजकेच उरतात.

२१ सप्टेंबर, सकाळी ६ : अठरा तास आधी

इशाऱ्याची पातळी वाढली. बेटं रिकामी करण्याचा हुकूम निघाला. नाव कुठे न्यायची? चार्ल्सटन बंदर सोडून याच वाटेने ईशान्येला साठेक किलोमीटर गेलं, की जेरेमी क्रीकवर मॅकलेलनव्हिल हे कोळंबी पकडणाऱ्यांचं छोटं गाव लागतं. ताशी दहा-अकरा किलोमीटर जाणारी नाव सहा तासांत पोहोचते. शहरापासून लांब, आडोशाची खाडी; कुणालाही हा पर्याय शहाणपणाचा वाटेल. पण उत्तर गोलार्धात वादळाच्या उजव्या अंगाला वारा आणि वादळाची पुढे सरकण्याची गती एकत्र येतात आणि समुद्र तिथेच सर्वांत जास्त चढतो. मॅकलेलनव्हिल नेमकं उजवीकडे पडणार होतं.

दुपार

गल्फ स्ट्रीमच्या उबदार पाण्यावर ह्यूगोचा जोर वाढत गेला. या वाटेवर आणखी एक अडचण असते. वारा वाढला किंवा माणसांना बाहेर काढणाऱ्या गाड्यांची रांग लागली, की उघडते पूल नावांसाठी उघडायचे थांबतात. उंच डोलकाठीची नाव दोन पुलांच्या मध्ये असेल, तर तिथेच अडकते. मग जास्तीचे नांगर टाकायचे, पाणी चढलं तरी पुरतील इतके लांब दोर ठेवायचे, घासून तुटू नयेत म्हणून त्यांना कापड गुंडाळायचं आणि उतरायचं.

संध्याकाळी ६ : सहा तास आधी

उतरून जायचं कुठे? रेड क्रॉसच्या निवाऱ्यांत तेव्हा पाळीव जनावरांना प्रवेश नसे. गाडी नाही, ओळखीचं घर नाही, दोरीला कुत्रा. अशा वेळी नावेतच थांबणाऱ्याला लोक हट्टी म्हणतात. मला ते अन्यायाचं वाटतं. आठवडेच्या आठवडे ज्याच्यासोबत एका केबिनमध्ये काढले, त्याला धक्क्यावर बांधून जाणं बहुतेकांना जमत नाही, आणि जमू नयेही.

मध्यरात्र

ह्यूगो चार्ल्सटनजवळ सलिव्हन्स आयलंडपाशी किनाऱ्यावर आदळला. चौथी श्रेणी, वारा ताशी सुमारे २२० किलोमीटर. मॅकलेलनव्हिलजवळच्या बुल्स बेमध्ये पाणी सुमारे सहा मीटर चढलं. गावातल्या लिंकन हायस्कूलमध्ये शेकडो लोक आसऱ्याला आले होते. इमारत कागदोपत्री होती त्यापेक्षा प्रत्यक्षात बरीच खालच्या पातळीवर होती. काळोखात पाणी आत शिरलं, चढत राहिलं. माणसांनी मुलांना टेबलांवर, मग डोक्याच्याही वर उचलून धरलं. तिथले सगळे वाचले.

२२ सप्टेंबर, उजाडल्यावर

मॅकलेलनव्हिलच्या कोळंबीच्या बोटी जमिनीवर चढल्या होत्या. आइल ऑफ पाम्सवर नावांचे एकावर एक ढीग पडले होते. सलिव्हन्स आयलंडला जोडणारा, याच जलमार्गावरचा बेन सॉयर पूल आसावरून निखळून एका टोकाने पाण्यात गेला होता. बेटावरच्या लोकांना आपली घरं पाहायला बोटीनेच जावं लागलं.

सतरा वर्षांनंतर

२००५ मध्ये कट्रिना वादळात अनेकांनी जनावरांसाठी घर सोडलं नाही. त्यानंतर, ऑक्टोबर २००६ मध्ये अमेरिकेत कायदा झाला : आपत्तीसाठी केंद्राचा निधी हवा असेल, तर राज्यांच्या आणि स्थानिक योजनांत पाळीव जनावरांचाही विचार हवा.