‘दुप्पट करून दाखवा’ आणि केडगावच्या रमाबाई

बारावीच्या निकालानंतर नात्यातली एक मुलगी घरी आली होती. ८८ टक्के मिळाले होते, तरी चेहरा उतरलेला. म्हणाली, “अब्बूंना नव्वद हवे होते.” मग जरा थांबून, “मलाही.”

आमच्या घरांत मुलांना लहानपणापासून ऐकवलं जातं, ‘आपल्याला दुसऱ्यांपेक्षा दुप्पट करून दाखवावं लागतं.’ सांगणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. भाड्यानं घर मागताना, मुलाखतीत नाव सांगताना आलेला अनुभव त्यामागे असतो. पण दुप्पट केल्यावर तरी पुरेसं होतं का, हे कुणी सांगत नाही. मीही तेच ऐकत वाढलो. त्यामुळे तिला उपदेश करण्याऐवजी शेजारच्या गावातल्या एका बाईची हकिकत सांगितली.

आम्ही शिरूरचे. न्हावरेमार्गे चौफुल्याकडे गेलं, की उसाच्या पट्ट्यात दौंड तालुक्यातलं केडगाव लागतं. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथलं.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी समाजाचा रोष पत्करून पत्नीला संस्कृत शिकवलं आणि आईनं रमाबाईंना. हे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराणं सांगत फिरे. उपास, व्रतं, दानधर्म, शास्त्रात सांगितलेलं सगळं त्यांनी केलं. तरीही १८७४ च्या सुमारास दुष्काळात आई, वडील आणि बहीण अशी माणसं पाठोपाठ गेली. सगळे नियम पाळूनही पदरी काय पडलं, हा प्रश्न त्या तरुण मुलीच्या मनात राहिला.

१८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. पुढच्या चार वर्षांत भाऊ गेला, लग्न झालं, मुलगी मनोरमा झाली आणि पती बिपिनबिहारीही गेले. १८८३ मध्ये रमाबाई इंग्लंडला गेल्या त्या डॉक्टर होण्यासाठी. पण कानांनी दगा दिला. ऐकू कमी येत असल्यामुळे वैद्यकीय शिक्षणाचा विचार सोडावा लागला.

त्याच वर्षी त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. इकडे पुण्यात टीकेची झोड उठली. तिकडे इंग्लंडमधल्या सिस्टर जेराल्डिन यांची तक्रार वेगळी होती. ही बाई फार प्रश्न विचारते, चर्चचं म्हणणं जसंच्या तसं मान्य करत नाही. एका बाजूला त्या बाटलेल्या ठरल्या, दुसऱ्या बाजूला पुरेशा ख्रिस्ती ठरेनात. दोन्हीकडच्या परीक्षकांचं समाधान होईल अशी उत्तरपत्रिका लिहिणं शक्यच नव्हतं.

हे झालं बाहेरचं. आतलं त्यांनी स्वतः १९०७ मध्ये लिहिलेल्या आत्मनिवेदनात येतं. धर्म बदलूनही कितीतरी वर्षं मनाला शांतता नव्हती, अपुरेपणाचं ओझं तसंच होतं. १८९१ च्या सुमारास त्यांना उमगलं, की ईश्वराची कृपा आपल्या कर्तबगारीनं कमवायची नसते. त्यांच्या श्रद्धेशी आपण सहमत असू वा नसू, त्या माणसाच्या मनात काय बदललं ते समजून घेण्यासारखं आहे. ‘आधी मी निर्दोष होईन, मग स्वीकारली जाईन’ हा क्रमच त्यांनी सोडून दिला.

त्याची कसोटी लवकरच लागली. १८८९ मध्ये मुंबईत सुरू केलेलं आणि पुढच्या वर्षी पुण्यात आणलेलं ‘शारदासदन’ १८९३ मध्ये धर्मांतराच्या आरोपांनी हादरलं. ‘केसरी’नं कडाडून टीका केली. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारख्यांनी सल्लागार मंडळ सोडलं. पालकांनी मुली काढून नेल्या. संस्था बंद पडावी असाच तो धक्का होता. रमाबाई मात्र उरलेल्या मुलींना शिकवत राहिल्या. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी शेकडो निराधार मुली आणल्या. पुण्यात प्लेगचे दिवस होते, म्हणून मुक्काम केडगावला हलला. शेती, विणकाम, छापखाना, अंध मुलींचं शिक्षण असं सगळं तिथं उभं राहिलं. १९०० पर्यंत माणसांचा आकडा दीड हजारावर गेला होता.

काम मात्र त्या चोख मागत. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी बायबलचं मराठी भाषांतर हाती घेतलं. साध्या बायाबापड्यांना कळावं हा हेतू होता. शब्दाशब्दासाठी त्या अडून बसत. मुक्तीच्या छापखान्यात मुलीच खिळे जुळवत. या कामात पंधराहून अधिक वर्षं गेली. १९२१ मध्ये संस्थेची वारस म्हणून जिच्याकडे पाहिलं होतं ती मनोरमाही गेली. रमाबाई पुन्हा मुद्रितं तपासायला बसल्या. चरित्रकार सांगतात, की शेवटची मुद्रितं हातावेगळी झाली आणि लगेचच, ५ एप्रिल १९२२ ला त्यांनी डोळे मिटले. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये निघाला. चर्चमध्ये मात्र बायबल सोसायटीचंच भाषांतर रूढ राहिलं.

मुलगी एवढा वेळ गप्प होती. इथं तिनं विचारलं, “मग सगळी मेहनत वाया गेली?”

मी म्हणालो, ओळीतली चूक रमाबाई खोडून पुन्हा लिहीत. पण चूक सापडली म्हणून ‘मीच चुकीची’ असं म्हणणं त्यांनी केडगावला येण्याआधीच सोडलं होतं. मुलगी गेली तरी त्या मुद्रितांपाशी बसू शकल्या, त्या कशाच्या बळावर, याचा विचार कर.

तिला ते पटलं की नाही, ठाऊक नाही. जाताना तिनं केडगावला गाडी कुठून मिळते ते विचारलं. त्या रात्री मी तिच्या अब्बूंना फोन केला. दुप्पट करून दाखवायची गोष्ट आता आपण मोठ्यांनीच थोडी कमी बोलायला हवी, एवढंच सांगितलं.