ज्यूरी इतिहासजमा, साक्षीचे समन्स मात्र चालू : बिदर-कलबुर्गीतील मराठी साक्षीदारासाठी

इंग्रजी चित्रपटांतून दिसणारी ज्यूरी, म्हणजे सामान्य नागरिकांतून निवडलेले आणि आरोपी दोषी की निर्दोष हे ठरवणारे मंडळ, भारतीय फौजदारी न्यायालयांत आता अस्तित्वात नाही. कावस नानावटी खटल्यामुळे ती गेली, असा सर्वत्र समज आहे. मुंबईच्या सत्र न्यायालयात ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी नानावटींना निर्दोष ठरवले, न्यायाधीशांनी तो कौल अमान्य करून प्रकरण उच्च न्यायालयाकडे धाडले आणि १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेप कायम केली, हे खरे. परंतु ज्यूरी बंद करावी अशी शिफारस विधी आयोगाने त्याआधीच, १९५८ मध्ये केली होती. १ एप्रिल १९७४ पासून लागू झालेल्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्यूरीला स्थानच उरले नाही. जुन्या भारतीय दंड संहितेच्या पानांत ‘ज्यूरर’ हा शब्द मात्र ३० जून २०२४ पर्यंत टिकून होता.

तरीही सामान्य माणसाला न्यायालयाचे बोलावणे येतेच. ते साक्षीदार म्हणून येते किंवा पंच म्हणून. बिदर जिल्ह्यातील भालकी, औराद, बसवकल्याण या तालुक्यांत आणि कलबुर्गी जिल्ह्यातील आळंद परिसरात ज्या घरांची बोलभाषा मराठी आहे, त्यांच्या हाती पडणारा हा कागद बहुधा कन्नडमध्ये असतो. या भागातून गोव्यात कामधंद्यासाठी आलेल्या माणसालाही तो टपालाने गाठू शकतो. कायदा साक्षीदाराकडून काय अपेक्षितो हे अनेकांना थोडेफार ठाऊक असते. त्याची साक्ष कोणत्या भाषेत नोंदली जावी आणि नोंदलेला मजकूर त्याला कसा समजावून द्यावा, याविषयीचे त्याचे हक्क मात्र फार थोड्यांना माहीत असतात, आणि खटल्याचे पारडे अनेकदा तेथेच फिरते.

मराठी मजकूर आणि परभाषेतील न्यायनिवाडा यांमधील दरी जुनी आहे. १९०८ च्या जुलै महिन्यात मुंबई उच्च न्यायालयात लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला, तेव्हा नऊ ज्यूररांपैकी सात युरोपीय होते. ‘केसरी’तील लेख त्यांच्यापुढे गेले ते इंग्रजी भाषांतराच्या रूपाने. या भाषांतरात मूळ शब्दांचा अर्थ विपर्यस्त झाला आहे, हा टिळकांच्या बचावातील एक प्रमुख मुद्दा होता. कौल सात विरुद्ध दोन असा लागला आणि टिळकांना सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली.

निजामाच्या हैदराबाद संस्थानात बिदर आणि गुलबर्गा या जिल्ह्यांत कन्नड, मराठी, तेलुगू आणि उर्दू या भाषा शेजारी नांदत होत्या. सरकारी व्यवहार उर्दूत चाले. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत हे जिल्हे तत्कालीन म्हैसूर राज्यात गेले, तर जुन्या बिदर जिल्ह्याचे उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात आले. सोयरीक, शेती आणि बाजार सीमेच्या दोन्ही अंगांना राहिले. न्यायालये मात्र वेगळी झाली. उच्च न्यायालय वगळता राज्यातील अन्य न्यायालयांची भाषा ठरवण्याचा अधिकार राज्य सरकारचा असतो. कर्नाटकात ती भाषा कन्नड आहे, इंग्रजीचाही वापर होतो. कलबुर्गीला उच्च न्यायालयाचे खंडपीठ आहे. २००८ मध्ये ते फिरते म्हणून सुरू झाले आणि २०१३ मध्ये कायम झाले. साक्षीदाराचा संबंध मात्र बहुतेक वेळा तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या न्यायालयाशीच येतो.

कागद हाती आल्यावर

प्रथम तो कोणी पाठवला ते पाहावे. पोलीस ठाण्याची नोटीस आणि न्यायालयाचे समन्स या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तपासादरम्यान पोलीस अधिकारी लेखी आदेशाने साक्षीदाराला बोलावू शकतो, पण आपल्या किंवा लगतच्या ठाण्याच्या हद्दीत राहणाऱ्यालाच. शिवाय स्त्रिया, पंधरा वर्षांखालील मुले, साठीपलीकडील पुरुष, दिव्यांग आणि गंभीर आजारी व्यक्ती यांना राहत्या घराखेरीज अन्यत्र येण्याची सक्ती करता येत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ मध्ये हे स्पष्ट आहे. पोलिसांपुढे दिलेल्या जबाबावर साक्षीदाराची सही घेण्याची तरतूद नाही, उलट ती घेऊ नये असेच कायदा सांगतो.

न्यायालयाच्या समन्सवर न्यायालयाची मोहर, प्रकरणाचा क्रमांक, तारीख, वेळ आणि ठिकाण असते. क्रमांकापूर्वी सी.सी. असेल तर प्रकरण दंडाधिकाऱ्यांपुढील, एस.सी. असेल तर सत्र न्यायालयातील, ओ.एस. असेल तर दिवाणी दावा, असे ढोबळमानाने समजावे. कन्नड वाचता येत नसेल तर एवढ्या तीन-चार गोष्टी कोणाकडून तरी त्याच दिवशी वाचून घेतल्याच पाहिजेत. तारीख निघून गेल्यावर समजलेल्या समन्सचा उपयोग नाही. माणूस घरी सापडला नाही तर त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबातील प्रौढ व्यक्तीकडे ते देता येते. पूर्वी ही व्यक्ती पुरुषच असावी असा दंडक होता, तो आता गेला. साक्षीदाराला समन्स नोंदणीकृत टपालाने आणि इलेक्ट्रॉनिक मार्गानेही बजावता येते.

या शेवटच्या सोयीमुळे भामट्यांचे फावले आहे. भ्रमणध्वनीवर मोहरेचे चित्र पाठवून ‘अटक टाळायची तर पैसे भरा’ असे सांगणारा संदेश न्यायालयाचा नसतो. साक्षीदाराकडून कोणतेही न्यायालय दूरध्वनीवर रक्कम मागत नाही. प्रकरणाचा क्रमांक ई-कोर्ट्‌सच्या संकेतस्थळावर पडताळून पाहता येतो.

पंच

ज्यूरीचा गावपातळीवरील दूरचा नातेवाईक शोधायचा तर तो पंचच ठरेल. झडतीच्या वेळी पोलिसांनी त्या परिसरातील दोन किंवा अधिक स्वतंत्र, प्रतिष्ठित रहिवाशांना बोलवावे, असे कलम १०३ सांगते. लेखी आदेश दाखवल्यावर सबळ कारणाशिवाय नकार देणे हा गुन्हा आहे. तोंडी बोलावण्याला तेवढे बळ नाही. झडती आणि जप्ती यांचे ध्वनिचित्रमुद्रण करणेही आता बंधनकारक आहे.

सीमाभागात खरी अडचण पंचनाम्यावरील सहीची असते. मजकूर कन्नडमध्ये, पंच मराठी शाळेत शिकलेला, वेळ रात्रीची आणि सगळ्यांनाच घाई. सही होऊन जाते. दोन-तीन वर्षांनी साक्षीच्या पिंजऱ्यात त्याला विचारले जाते की काय जप्त झाले, कोठून, कोणासमोर; आणि त्याचे उत्तर कागदाशी जुळत नाही. मग सरकारी वकील त्याला फितूर ठरवण्याची परवानगी मागतात, बचाव पक्ष त्याला पढवलेला पंच म्हणतो, आणि गावात त्याने पैसे खाल्ले अशी कुजबुज सुरू होते. प्रत्यक्षात त्याने काही लपवलेले नसते, कागद वाचलेला नसतो इतकेच. मजकूर समजेल त्या भाषेत वाचून दाखवावा, असे सहीपूर्वी म्हणण्यात गैर काही नाही. सही मराठीत केली तरी चालते. ‘मजकूर मराठीत समजावून सांगितला’ अशी ओळ पंचनाम्यात घातली जावी, असा आग्रह धरणे त्याहून चांगले.

न्यायालयातील दिवस

वेळ सकाळची दिलेली असली तरी पुकारा दुपारी होणे नवलाचे नाही. समन्स आणि ओळखपत्र सोबत ठेवावे, पोहोचल्याचे न्यायालयाच्या कारकुनास सांगावे. साक्षीदार हजर असताना, लेखी नमूद केलेल्या विशेष कारणाखेरीज, त्याची साक्ष न घेता तारीख पुढे ढकलू नये, असा कायद्याचा दंडक आहे. तो किती पाळला जातो हे न्यायालयाच्या व्हरांड्यात तासभर बसणाऱ्याला कळते. फौजदारी खटल्यात प्रवासखर्च व भत्ता सरकारी नियमांनुसार न्यायालयाच्या आदेशाने मिळू शकतो, पण तो मागावा लागतो. दिवाणी दाव्यात साक्षीदाराचा खर्च बोलावणाऱ्या पक्षाने आधीच न्यायालयात भरायचा असतो.

शपथ देवाच्या नावाने घेता येते किंवा सत्यप्रतिज्ञेच्या रूपात. त्यानंतर बोलावणाऱ्या पक्षाची सरतपासणी, विरुद्ध पक्षाची उलटतपासणी आणि गरज पडल्यास फेरतपासणी होते. उलटतपासणीचा हेतू साक्षीदाराची स्मृती, जागा आणि संबंध तपासण्याचा असतो. आवाज चढला म्हणून उत्तर बदलू नये. आठवत नसेल तर ‘आठवत नाही’ हे पुरेसे उत्तर आहे. अश्लील किंवा केवळ अपमानासाठी विचारलेले प्रश्न रोखण्याचा अधिकार न्यायाधीशांना आहे.

बोललेले आणि लिहिलेले

साक्षीदार न्यायालयाच्या भाषेखेरीज अन्य भाषेत बोलला, तर शक्य असल्यास साक्ष त्याच भाषेत टिपावी. शक्य नसल्यास तपासणी चालू असतानाच न्यायालयाच्या भाषेत तिचे खरे भाषांतर तयार व्हावे आणि त्यावर न्यायाधीशांची सही व्हावी, असे कलम ३१२ सांगते. म्हणजे मराठीत साक्ष देणे ही कोणाची मेहरबानी नाही, कायद्याने ते गृहीतच धरले आहे. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतील एका खटल्याचा निकाल देताना, साक्षीदाराच्या तोंडचे शब्द बाजूला ठेवून साक्ष थेट इंग्रजीत लिहिण्याच्या पद्धतीवर बोट ठेवले आणि जुन्या संहितेतील याच आशयाची तरतूद पाळण्यास सांगितले. दुभाषी नेमला गेला तर खरे भाषांतर करणे त्याच्यावर कायद्याने बंधनकारक असते.

भालकी-आळंदकडचा मराठी माणूस कन्नड समजतो, बाजारात बोलतोही. म्हणून तो पिंजऱ्यात अर्धवट कन्नडमध्ये उत्तरे देऊ लागतो, आणि तेथेच फसतो. दोन्ही भाषांतील सारखे दिसणारे शब्द सर्वांत घातक. मराठीत ‘अनुमान’ म्हणजे तर्काने काढलेला निष्कर्ष. कन्नडमध्ये त्याच शब्दाचा रूढ अर्थ संशय असा आहे. ‘मामा’ आणि ‘सासरा’ ही मराठीत दोन नाती, कन्नडमध्ये ‘माव’ हा एकच शब्द दोहोंसाठी चालतो. साक्षीदार आरोपीचा नातलग किती जवळचा, हा प्रश्न असतो तेव्हा हा फरक क्षुल्लक राहत नाही. मराठीतील ‘परवा’ तर स्वतःच दुतोंडी, मागचाही आणि पुढचाही. अशा ठिकाणी वार आणि तारीख सांगावी, नाते फोड करून सांगावे. ज्या भाषेत मनात विचार येतो तीच पहिल्या प्रश्नापासून धरावी आणि तसे न्यायाधीशांना नम्रपणे सांगावे. मध्येच भाषा बदलली की उलटतपासणीत त्याचाच मुद्दा होतो.

साक्ष संपल्यावरचा क्षण सर्वांत महत्त्वाचा, आणि सर्वांत घाईचा. कलम ३१३ नुसार नोंद आरोपीच्या किंवा त्याच्या वकिलाच्या उपस्थितीत साक्षीदाराला वाचून दाखवायची असते. ती त्याला न समजणाऱ्या भाषेत असेल तर त्याने साक्ष दिली त्या किंवा त्याला समजणाऱ्या भाषेत तिचा अर्थ सांगायचा असतो. कर्नाटकातील साक्षीच्या कागदांखाली ‘आर.ओ.आय. अँड ए.सी.’ अशी इंग्रजी आद्याक्षरे आढळतात: वाचून दाखवले, अर्थ सांगितला, बरोबर असल्याचे साक्षीदाराने मान्य केले. ती सवयीने लिहिली जातात. अर्थ सांगितलाच नसेल तर साक्षीदाराने सहीपूर्वी तसे म्हणावे. एखादे वाक्य चुकीचे वाटले तर हरकत घ्यावी. न्यायाधीश दुरुस्ती करतील, किंवा दुरुस्ती न करता हरकतीची नोंद करतील. ती नोंदही अभिलेखाचा भाग होते आणि पुढे अपिलात न्यायाधीशांच्या डोळ्यांसमोर येते.

न गेल्यास, दूर असल्यास

समन्स मिळूनही सबळ कारणाशिवाय न जाणाऱ्या साक्षीदाराला न्यायालय जागच्या जागी पाचशे रुपयांपर्यंत दंड करू शकते. वॉरंटही निघू शकते. भारतीय न्याय संहितेच्या कलम २०८ खाली न्यायालयात हजर न राहण्याला सहा महिन्यांपर्यंत साधी कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. खोट्या साक्षीची शिक्षा याहून कितीतरी कडक, सात वर्षांपर्यंत आहे. आजारपण किंवा घरातील मृत्यू अशी अडचण असेल तर तारखेपूर्वी कागदपत्रांसह न्यायालयाला कळवावे.

गोव्यात राहणाऱ्या साक्षीदाराला फौजदारी समन्स अंतराचे कारण सांगून परतवता येत नाही. मात्र ध्वनिचित्र माध्यमातून साक्ष घेण्याची किंवा आयोगामार्फत ती नोंदवण्याची विनंती करता येते, निर्णय न्यायालयाचा. दिवाणी दाव्यात नियम सैल आहे. न्यायालयाच्या मूळ अधिकारक्षेत्राबाहेर राहणाऱ्या साक्षीदाराला शंभर किलोमीटरच्या आतील अंतरावरूनच प्रत्यक्ष बोलावता येते. वाटेचा पाच-षष्ठांश भाग रेल्वेने किंवा अन्य सार्वजनिक वाहनाने जाण्यासारखा असेल तर ही मर्यादा पाचशे किलोमीटरपर्यंत वाढते, आणि विमानभाडे दिले तर मर्यादा उरत नाही.

धमकीची भीती असेल तर साक्षीदार संरक्षण योजनेखाली अर्ज करता येतो. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये ही योजना मान्य केली, आणि प्रत्येक राज्याने अशी योजना तयार करावी हे आता नव्या संहितेतच लिहिले आहे. समन्सचा अर्थ समजून घेण्यासाठी बिदर आणि कलबुर्गी येथील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणांकडे जाता येते. देशभर चालणारा दूरध्वनी क्रमांक १५१०० हा आहे. तेथे बोलतानाही पहिल्याच वाक्यात ‘साक्ष मराठीत द्यायची आहे’ असे सांगितले, तर दुभाष्याची मागणी तारखेच्या आधी न्यायालयापर्यंत पोहोचवण्यास अवधी मिळतो.