दास्याचे वकील

अन्याय एकदा अंगवळणी पडला म्हणजे त्यास समर्थनाची गरज उरत नाही. त्याविरुद्ध कोणी बोलू लागले की मग त्याचे वकील उभे राहतात. अमेरिकेतील गुलामगिरीचा इतिहास याची साक्ष देतो. आपला महाराष्ट्र, आणि ज्या राजस्थानाने आम्हां मराठी कुटुंबांना आपलेसे केले तो प्रांत, यांचा इतिहासही याहून फार निराळा नाही.

१७७६ मध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणाऱ्या जेफर्सनच्या पदरी गुलाम होते. तथापि त्या पिढीतील अनेक पुढारी या प्रथेस नाइलाजाने सोसावयाचे अरिष्ट समजत. १७९३ मध्ये एली व्हिटनीने सरकी काढण्याचे यंत्र बनविले, दक्षिणेत कापसाचे मळे पसरले, गुलामांना किंमत चढली. आणि मालकांची भाषाही पालटली. १८३७ मध्ये जॉन कॅल्हून याने भर सिनेटमध्ये प्रतिपादन केले की, गुलामगिरी हे अरिष्ट नसून प्रत्यक्ष कल्याणच आहे. आधी लाभ आला, तत्त्व मागाहून आले.

मग प्रमाणांना तोटा पडला नाही. धर्मोपदेशकांनी बायबलातून नोहाने कनानास दिलेला शाप शोधून काढला. विद्वानांनी ॲरिस्टॉटलचा दाखला दिला, की काही माणसे जन्मतःच दास होण्याजोगी असतात. १८५१ मध्ये सॅम्युएल कार्टराइट नावाच्या डॉक्टरने तर पळून जाणाऱ्या गुलामास एक रोगच जडलेला असतो, असे लिहून त्या रोगाचे बारसेही केले! जॉर्ज फिट्झह्यू याचा युक्तिवाद सर्वांत धूर्त होता. उत्तरेकडील गिरणीमालक आजारी मजुरास रस्त्यावर टाकतो, आमचा गुलाम मात्र जन्मापासून म्हातारपणापर्यंत कुटुंबातल्यासारखा पोसला जातो, असे त्याचे म्हणणे. १८६० मध्ये असे 'पोसलेले' जीव सुमारे चाळीस लाख होते. त्यांचे मत कोणी विचारले नव्हते. स्वतः दास्यातून निसटलेल्या फ्रेडरिक डग्लसने १८४५ मध्ये आपली जीवनकथा प्रसिद्ध केली, तेव्हा या साऱ्या पांडित्याला एका भुक्तभोग्याचे उत्तर मिळाले. पुढे यादवी युद्ध झाले आणि १८६५ मध्ये घटनादुरुस्तीने गुलामगिरी संपली.

आता आपल्या घराकडे वळू. पेशवाईच्या कागदपत्रांत 'कुणबीण' आणि 'बटीक' हे शब्द वारंवार आढळतात. येथे कुणबीण म्हणजे कुणबी जातीची स्त्री नव्हे, तर विकत घेता येणारी, कोणासही देऊन टाकता येणारी दासी. कोणी दुष्काळात पोटासाठी विकली गेलेली, कोणी लढाईत धरलेली, तर कोणी बदकर्माचा आरोप येऊन सरकारजमा झालेली. घरकाम, दळणकांडण, कोठारे, पागा अशी नाना कामे त्यांच्याकडून करवून घेतली जात. या प्रथेचे समर्थन करणारे ग्रंथ त्या काळी कोणी मुद्दाम लिहिले नाहीत, कारण तिला आव्हान नव्हते. आधार आयताच होता. नारदस्मृतीत दासांचे पंधरा प्रकार सांगितले आहेत. मालकाने सोडले तरी शूद्राचे दास्य सुटत नाही, कारण ते जन्मजात आहे, असा मनुस्मृतीचा अभिप्राय आहे. ॲरिस्टॉटल आणि मनू यांची गाठ पडली ती नेमकी येथे.

वकील पुढे आले ते इंग्रजी अमलात. १८३३ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने वसाहतींतील गुलामगिरी बंद केली, पण ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख त्यातून वगळला. येथील दास्य सौम्य व घरगुती आहे, दुष्काळात मूल विकल्याने त्याचा जीव तरी वाचतो, रूढीत हात घातल्यास लोक बिथरतील, अशी कारणे कंपनीचे अनेक अधिकारी देत असत. अखेर १८४३ च्या पाचव्या कायद्याने, माणसावरील मालकीचा हक्क न्यायालयात चालणार नाही, असे ठरले.

अमेरिकेतील हा लढा महाराष्ट्रात जोतीराव फुले यांनी नीट ओळखला. १८७३ मध्ये प्रसिद्ध झालेली 'गुलामगिरी' त्यांनी गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सज्जनांस अर्पण केली, आणि त्यांचा कित्ता आपल्या देशबांधवांनी गिरवावा, अशी इच्छा व्यक्त केली. शूद्रातिशूद्रांचे दास्यही धर्मग्रंथांच्याच आधाराने टिकविले गेले, हे त्यांनी परखडपणे मांडले.

१८४३ चा कायदा कंपनीच्या मुलखापुरता होता. रजपुतान्यातील संस्थाने त्याबाहेर राहिली. तेथील राजवाड्यांत व ठाकुरांच्या हवेल्यांत गोला-गोली पिढ्यान्‌पिढ्या राबत, आणि मुलीच्या लग्नात हुंड्याबरोबर त्यांनाही सासरी धाडण्याची चाल होती. कर्जापायी सावकाराकडे राबणाऱ्यास येथे 'सागडी' म्हणतात. ती पद्धत बंद करणारा राजस्थानचा कायदा १९६१ चा, आणि देशभरातील वेठबिगारीविरुद्धचा कायदा १९७६ चा. कर्ज त्यानेच मागितले, अंगठा त्यानेच उठविला, ही सावकाराची सबब आम्हांस फिट्झह्यूच्या युक्तिवादाची धाकटी बहीण वाटते.

देश, धर्म, शतक निराळे असले तरी समर्थनाचा साचा एकच दिसतो. हे शास्त्रात आहे, हे त्यांच्या स्वभावातच आहे, हे त्यांच्याच भल्यासाठी आहे, आणि आम्ही तर त्यांना घरच्यासारखे वागवतो. यातील शेवटचे वाक्य शास्त्री नगरातील आपल्या घरांतही अपरिचित नाही. गावाकडून कामाला आणलेल्या अल्पवयीन मुलीविषयी ते किती सहज उच्चारले जाते! अशा वेळी ग्रंथ उघडण्याचे कारण नाही. तिला शाळा आहे काय, तिच्या कष्टाचा मोबदला तिच्या हाती पडतो काय, आणि जावेसे वाटल्यास तिला जाता येते काय, एवढे तीन प्रश्न पुरेत. मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात प्रत्येक कुटुंबाने ते आपल्या उंबऱ्याच्या आत विचारावेत आणि त्यांचे उत्तर त्या मुलीच्याच तोंडून ऐकावे, एवढीच आमची विनंती.