दातेरी पट्टा आणि त्याचे सोबती

इंजिनाच्या झडपा नेमक्या क्षणी उघडाव्यात व मिटाव्यात म्हणून क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांमागे कॅमशाफ्टची एक फेरी व्हावी लागते. मोटारयुगाच्या पूर्वार्धात हे कार्य दंतचक्रे अथवा पोलादी साखळी यांनी तेलात न्हात असताना बजावले. साखळी सैल झाली तर ती खडखडाट करून आगाऊ वर्दी देई, त्यामुळे अँबेसेडरच्या वा कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणाऱ्या फियाटच्या मालकाला तिची मुदत वहीत टिपून ठेवण्याचे प्रयोजन पडत नसे.

या व्यवस्थेला पर्याय आला तो बव्हेरियातील डिंगोल्फिंग येथील ग्लास या कारखान्याकडून. पूर्वी शेतीची अवजारे घडविणाऱ्या या घराण्याने १९६१ च्या फ्रँकफुर्ट प्रदर्शनात एस १००४ ही मोटार मांडली, तिचा कॅमशाफ्ट दातेरी रबरी पट्ट्याने फिरत होता, आणि विक्रीसाठी मोठ्या संख्येने बनलेल्या मोटारींत असा पट्टा प्रथमच योजिला गेला होता. १९६६ साली फियाटच्या आउरेलिओ लाम्प्रेदी यांनी जुळ्या कॅमशाफ्टच्या इंजिनात त्याचा स्वीकार केला, आणि स्वस्त, हलका, तेलाची अपेक्षा न ठेवणारा हा पट्टा सामान्य मोटारीत रूढ होत गेला. तथापि उष्णतेने व वयाने रबर जीर्ण होते, आणि जीर्ण पट्टा बहुधा पूर्वसूचना न देता तुटतो. ज्या इंजिनात उघडी झडप आणि वर येणारा पिस्टन एकाच जागेत वावरतात, तेथे तो तुटताच झडपा वाकतात. म्हणून ठराविक अंतरानंतर, अथवा ठराविक वर्षांनंतर, सुस्थितीत दिसणारा पट्टाही बदलावा, ही वहिवाट पडली.

या वहिवाटीतूनच दुसरा प्रश्न उद्भवला. पट्ट्याची किंमत अल्प, परंतु त्याच्यापर्यंत पोहोचण्यासाठी इंजिनाचा आधार, पुल्या आणि झाकणे उतरविण्याची मजुरी भारी. तेव्हा एवढी उकल झाल्यावर त्याच मार्गातले इतर भाग जुनेच ठेवावेत काय? पट्टा ताणून धरणारा टेन्शनर आणि त्याला वळण देणारा आयडलर यांच्या बेअरिंगांत कारखान्यातच ग्रीस भरून ते कायमचे बंद केलेले असते. ते आटले, बेअरिंग अडखळले, की नवा कोरा पट्टाही त्याच्यासह नष्ट होतो. यास्तव या दोहोंचा निवाडा सोपा आहे: ते पट्ट्यासोबतच बदलावेत. क्रँक व कॅम यांची ऑइल सीले अल्पमोलाची असतात, पण त्यांतून पाझरणारे तेल रबराला मारक ठरते. ती ओलसर दिसली अथवा बरीच जुनी झाली असली, तर हात आखडू नये.

वॉटर पंपाचा निर्णय मात्र इंजिनाच्या रचनेवर ठरतो. १९७४ साली आलेल्या फोक्सवॅगन गोल्फचा दाखला या बाबतीत उद्बोधक आहे. तिच्या १.१ लिटर इंजिनात पंप या दातेरी पट्ट्यानेच, म्हणजे टायमिंग बेल्टनेच फिरे, किंबहुना पंप किंचित फिरवूनच पट्ट्याचा ताण साधला जाई, उलट १.५ लिटर इंजिनात तोच पंप बाहेरच्या निराळ्या पट्ट्यावर चाले. पहिल्या ठिकाणी पंप अडकणे म्हणजे पट्ट्याचा अंत, सबब तेथे तो सोबतच बदलणे हितावह. दुसऱ्या ठिकाणी तो गळू लागेपर्यंत थांबण्यास प्रत्यवाय नाही. एकाच गाडीच्या नावाखाली दोन भिन्न निवाडे होऊ शकतात, हे ध्यानी न घेता सरसकट यादी पुढे करणारा मेकॅनिक आणि सरसकट नकार देणारा मालक, दोघेही सारखेच चुकतात.

आपल्याकडे १९८३ अखेर रस्त्यावर आलेल्या मारुती ८०० ने टायमिंग बेल्ट घरोघरी पोहोचविला, आणि पुढे रबर सुधारत जाऊन पट्ट्याची मुदत अनेक इंजिनांत एक लाख किलोमीटर वा त्याहून पुढे सरकली. या प्रगतीने सोबतच्या भागांवरील भार वाढविला: मुदत लहान होती तोवर जुने बेअरिंग आणखी एक पाळी निभावून नेई, परंतु लाखाच्या मुदतीत त्याला दोन लाखांची चाकरी करावी लागते. पट्टा, टेन्शनर, आयडलर आणि जेथे लागू तेथे पंप असा एकत्रित संच बाजारात रुळला, त्यामागे हा हिशेब आहे. म्हणून जुना भाग हातात घेऊन फिरवून पाहताना तो आज ठीक चालतो काय, एवढे विचारून भागत नाही. इंजिन पुन्हा उघडेपर्यंतचे अंतर तो निभावील काय, आणि न निभावल्यास तो एकटाच निकामी होईल की पट्ट्यालाही घेऊन जाईल, या दोन प्रश्नांच्या उत्तरावर खर्चाची मंजुरी द्यावी.