मामाचा मान आणि स्नानसंस्काराचे नाते

मराठी सून सासूला ‘आत्याबाई’ म्हणते आणि सासऱ्याला ‘मामंजी’. सून दूरच्या, अगदी अनोळखी घरातून आलेली असली तरी पुष्कळ कुटुंबांत हीच हाक रूढ होती आणि काही ठिकाणी अजून आहे. या दोन शब्दांत एक जुना रिवाज टिकून राहिला आहे. मुलगी आत्याच्याच घरी देण्याची चाल होती तेव्हा सासू ही खरोखरच आत्या असे. आणि आत्याच्या यजमानांना मामा म्हणण्याची रीत तर आपल्याकडे ठाऊकच आहे. पुढे सोयरिकी दूरवर होऊ लागल्या, पण भाषेने जुने नाते सोडले नाही. नांदेड आणि लातूर या जिल्ह्यांत तो रिवाजही पुरता मागे पडलेला नाही.

याचे कारण भूगोलात आहे आणि इतिहासातही. देगलूर, बिलोलीकडून तेलंगण हाकेच्या अंतरावर. उदगीर, निलंग्याकडून कर्नाटक. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या अमलाखाली होता, आणि १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत तो हैदराबाद राज्यातच राहिला. मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू या चार भाषांच्या शेजारात इथली घरे वाढली. इरावती कर्वे यांनी भारतातील नातेव्यवस्थेवरचा आपला इंग्रजी ग्रंथ १९५३ मध्ये प्रसिद्ध केला. महाराष्ट्र हा उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या चालीरीतींचा सांधा आहे, असे त्यांनी त्यात दाखवले. उत्तरेत नात्यात लग्न म्हणजे पाप. दक्षिणेत मामाची मुलगी म्हणजे हक्काची वधू, आणि कित्येक जातींत मामा-भाचीचे लग्नही मान्य. आपला प्रदेश या दोहोंच्या मधोमध, पण दक्षिणेकडे झुकलेला. चुलत आणि मावस भावंडे ही सख्ख्यासारखीच. त्यांच्यात लग्नाचा विचारही नको. एकाच देवकाची दोन घरे शंभर कोसांवर असली तरी सोयरीक वर्ज्य. मात्र सख्ख्या मामाची मुलगी चालते! परक्याला हे कोडे वाटेल. आपल्याला वाटत नाही.

ज्या घरात स्नानसंस्कार झाला, त्या घरातील या नात्यांचे काय होते? कोणी म्हणतात, श्रद्धा ही रविवारच्या मिस्सेपुरती आणि सोयरीक ही वडीलधाऱ्यांच्या बैठकीतली. कोणी म्हणतात, ख्रिस्ती झाल्यावर जुनी नाती संपली. आम्हांला दोन्ही मते पटत नाहीत, आणि ख्रिस्तसभेचा इतिहासही त्यांना दुजोरा देत नाही.

पवित्र शास्त्र उघडले तर प्रथमच एक अडचण समोर येते. इसहाकाने आपला मुलगा याकोब याला पदन-अरामास धाडले ते कोणाकडे? लाबानाकडे, म्हणजे रिबेकेच्या भावाकडे, याकोबाच्या सख्ख्या मामाकडे. तेथे मामाची मुलगी कर, अशी पित्याची स्पष्ट आज्ञा होती. लेआ आणि राहेल या दोघीही मामाच्या मुली. लेवीय पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात वर्ज्य नात्यांची मोठी यादी आहे. तिच्यात आत्या आहे, मावशी आहे, पण मामाची मुलगी नाही. लातूरच्या एखाद्या आजोबांनी धर्मगुरूंपुढे याकोबाचा दाखला ठेवला तर त्यांना निरुत्तर करणे सोपे नाही.

परंतु ती कथा पुढे वाचावी. राहेलीसाठी याकोबाने सात वर्षे चाकरी केली. मामाने लेआ दिली. पुन्हा सात वर्षे. नंतर कळपांसाठी आणखी सहा. या वीस वर्षांत मामाने दहा वेळा मजुरी बदलली, अशी याकोबाची तक्रार आहे. भाच्याने दाद मागायची कोणाकडे? सासऱ्याने छळले तर माणूस मामाकडे जातो; इथे दोघे एकच. आणि मुलींचे दुःख त्याहून मोठे. बापाने आपल्याला परक्यासारखे विकले, असे लेआ आणि राहेल उघड बोलतात. शेवटी सगळ्यांना न सांगता पळून जावे लागले. आत्याच्या घरी दिलेल्या मुलीचे बिनसले म्हणजे एका भावा-बहिणीचे बोलणे बंद होते, हे आपल्या भागात वेगळे सांगायला नको. ती मुलगी माहेरी आली तरी भांडण तिच्या मागोमाग येते, कारण माहेर आणि सासर ही एकाच घराची दोन दारे असतात.

संत ऑगस्टिन यांनी नेमक्या याच ठिकाणी बोट ठेवले आहे. ‘देवाचे नगर’ हा त्यांचा ग्रंथ ४१३ ते ४२६ या काळात लिहिला गेला. त्याच्या पंधराव्या भागात ते विचारतात की, मानवाच्या आरंभी भावंडांतच विवाह होणे भाग होते, मग पुढे ते निषिद्ध का झाले? त्यांचे उत्तर रक्ताच्या शुद्धाशुद्धतेचे नाही, प्रेमाचे आहे. एकाच माणसाने दोन नाती अडवून ठेवू नयेत. पिता एक असावा आणि सासरा दुसरा, म्हणजे प्रेमाचा धागा अधिक माणसांना गुंफतो. रोमच्या कायद्याने चुलत-मामे भावंडांच्या विवाहास वाट मोकळी असतानाही लोक तो सहसा टाळत, हेही त्यांनी नोंदवले आहे. ख्रिस्ती दृष्टीने नात्याकडे पाहणे म्हणजे काय, याचे इतके व्यवहारी उत्तर आम्हांला दुसरीकडे क्वचितच आढळले. नाते जपण्यासाठी ते घरातच कोंडावे, असे आपल्याला वाटते; ऑगस्टिन म्हणतात, ते बाहेर पेरावे.

या विचाराला पुढे कायद्याचे रूप आले, आणि कायद्याचा अतिरेकही झाला. एके काळी सात पिढ्यांपर्यंतचे नाते वर्ज्य धरले जाई. खेड्यापाड्यांत वधू मिळेना. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने ती मर्यादा चार पिढ्यांवर आणली. विवाहाची जाहीर घोषणा चर्चमध्ये व्हावी, हा सार्वत्रिक नियमही याच परिषदेचा. १९१७ च्या धर्मसंहितेत सख्ख्या भावंडांच्या नातवंडांपर्यंत निषेध होता. १९८३ च्या संहितेने तो सख्ख्या भावंडांच्या मुलांपर्यंत आणला. मोजणी सोपी आहे. मुलगा, त्याची आई, आजोबा, मामा, मामाची मुलगी: चार टप्पे, चौथी पायरी. मामा-भाची ही तिसरी. चौथ्या पायरीपर्यंत निषेध आहे. मात्र तो ख्रिस्तसभेने घातलेला असल्याने महागुरुस्वामी योग्य कारणासाठी मुभा देऊ शकतात. भावा-बहिणीच्या नात्याला मुभा कधीच नाही. आपल्या देशाच्या १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानेही मामेबहीण आणि भाची यांना वर्ज्य नात्यांत घातले आहे, पण रूढी असेल तर सूट ठेवली आहे. तिथे रूढी अडथळा दूर करते; आपल्याकडे रूढीला कारण सांगावे लागते.

औरंगाबाद धर्मप्रांत १९७७ मध्ये स्थापन झाला. नांदेड आणि लातूर त्याच्याच कक्षेत येतात. इथली कॅथलिक कुटुंबे थोडी आणि विखुरलेली. स्थळ शोधायचे तर जालना, अहिल्यानगर, सोलापूर गाठावे लागते. मग घरातले मोठे म्हणतात, मामाची मुलगी आहे ना, ती आपल्या श्रद्धेतली, पाहिलेली, हुंड्याची कटकट नाही. हे कारण खोटे नाही आणि क्षुल्लकही नाही. आमचा आग्रह एवढाच की मुभेचा अर्ज लिहिण्यापूर्वी मुलीला विचारले जावे. ट्रेंट येथील परिषदेत १५६३ साली यावर कडाक्याचा वाद झाला होता. आईबापांच्या संमतीवाचून झालेला विवाह रद्द ठरवावा, असा फ्रान्सचा आग्रह होता. परिषदेने तो मानला नाही. विवाह वधूवरांच्या संमतीने घडतो, हे तत्त्व राखले. आजची संहिताही सांगते की लग्नाचे वचन दिले म्हणून कोणाला विवाह करण्यास भाग पाडता येत नाही. भाची पाळण्यात असताना भावाने बहिणीला दिलेला शब्द वेदीपुढे बांधील नाही.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट लातूरकर विसरलेले नाहीत. किल्लारीच्या परिसरात ज्यांचे माहेर, सासर आणि आजोळ त्याच पट्ट्यातल्या गावांत होते, त्यांची सगळी दारे एकदम मिटली. दूर एखादी सोयरीक असलेल्यांना निदान जायला ठिकाण होते. आणि ज्यांना तेही नव्हते, अशा कितीतरी मुलांना रक्ताचे नाते नसलेल्यांनी वाढवले. ऑगस्टिन यांचे म्हणणे त्या पडझडीत ज्या रीतीने खरे ठरले, तसे ते ठरायला नको होते.

मग मामाचे काय? ज्याच्या मांडीवर जावळ काढले जाते, जो वधूला बोहल्यावर आणतो, त्याला दूर सारायचे का? इथे प्रश्न खरोखर नाजूक होतो, कारण आपल्या पुष्कळ घरांत आईचे माहेर हिंदू किंवा बौद्ध आहे. धर्मपिता हा कॅथलिक, दृढीकरण झालेला आणि सोळा वर्षे पूर्ण केलेला असावा लागतो. तेव्हा असा मामा धर्मपिता होऊ शकत नाही. स्नानसंस्काराच्या दिवशी तो मागच्या बाकावर बसतो आणि बहिणीला ते डाचते. धर्मपित्याचे नाते ख्रिस्तसभेने रक्ताइतकेच खरे मानले होते. सम्राट जस्टिनियन यांनी ५३० मध्ये धर्मपित्याचा धर्मकन्येशी विवाह निषिद्ध केला. तो निषेध पुढे धर्मसंहितेतही होता आणि १९८३ मध्येच गळला. इतक्या गंभीर नात्याची अट केवळ मान म्हणून शिथिल करता येणार नाही, हे आम्ही मान्य करतो.

पण विवाहाच्या वेळी वाट मोकळी आहे, आणि ती फारशी कोणी सांगत नाही. विवाहविधीतील प्रशंसनीय स्थानिक चाली राखाव्यात, अशी इच्छा दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ च्या उपासनाविषयक दस्तऐवजात व्यक्त केली, आणि तीही ट्रेंटच्या परिषदेचा हवाला देऊन. वधूला वेदीपर्यंत मामाने आणण्यास आडकाठी नाही. विवाहाला दोन साक्षीदार लागतात. ते कॅथलिकच असावेत, असा नियम नाही. तेव्हा नांदेडच्या भाचीचा हिंदू मामा तिला वेदीपर्यंत पोहोचवू शकतो, आणि विधी आटोपल्यावर चर्चच्या विवाह-नोंदवहीत तिच्या नावाखाली साक्षीदार म्हणून आपली सहीही करू शकतो.