कमानीचे पाटे

ज्ञातीचा इतिहास लिहावयास बसलेले आपले बांधव तलवारी-भाल्यांपर्यंत सहज जाऊन पोहोचतात. मोटारट्रकच्या कमानीचे नाव मात्र कोणी काढीत नाही. रामदासपेठेलगतचा वर्धा मार्ग हा जुना राष्ट्रीय महामार्ग 7 होय. त्यावरून गेलेल्या कित्येक ट्रकांच्या कमानी आपल्या लोहारांच्या भट्ट्यांत वाकविलेल्या होत्या, एवढे तरी नोंदवून ठेवावे असे आम्हांस वाटते.

बैलगाडीस कमान नव्हती. धक्का आसावरून थेट मालास बसे, आणि चाकावर तापवून धाव चढविणे हेच आपल्या वडीलधाऱ्यांचे मुख्य काम असे. डिसेंबर 1943 मध्ये नागपुरातच मुख्य अभियंत्यांची परिषद भरून देशातील रस्त्यांची वीस वर्षांची योजना आखली गेली. महायुद्धानंतर लष्कराचे जुने ट्रक मुलकी वाहतुकीस आले, व 1954 पासून जमशेदपूरला टाटा-मर्सिडीजचे ट्रक तयार होऊ लागले. महामार्ग सुधारले, परंतु मनसरच्या मँगनीज खाणींकडील आणि कन्हानच्या वाळूघाटांकडील वाटा खडबडीतच राहिल्या. तेथून अधिक माल काढू पाहणारे मालक भट्टीवर येऊन म्हणत, "दोन पाटे वाढवून द्या."

पाटा लाल तापवून त्यास बाक द्यावयाचा, तेलात बुडवून कठीण करावयाचा, आणि पुन्हा बेताने तापवून त्याचा ठिसूळपणा घालवावयाचा. आमचे चुलते रंगावरूनच उष्णता ओळखीत. त्याच जाडीचे पाटे दुप्पट केले तर कमानीचा ताठरपणा दुप्पट होतो. पण पाट्यांची जाडीच दुप्पट केली तर तो आठपट होतो. हे गणित आम्ही पुढे पुस्तकात वाचले. चुलत्यांस ते हाताने ठाऊक होते. म्हणून ते जाड पाटा टाळीत व भार आल्यावरच टेकणारे मदतीचे पाटे वर बसवीत.

एकदा मात्र चूक झाली. वाळूच्या एका ट्रकास त्यांनी तीन पाटे चढवून दिले. कमान दबेना, म्हणून मालक भार वाढवीत गेला. आस, ब्रेक आणि टायर होते तेच. घाटाची चढण चढताना आस मोडला आणि क्लिनरचा पाय कायमचा गेला. चुलत्यांस कोणी दोष दिला नाही. त्यानंतर ते प्रथम आस पाहात, मगच भाता ओढीत. पुष्कळ गिऱ्हाइके त्यामुळे दुसरीकडे गेली, आणि घरात त्यावरून बोलणीही झाली.

दोन आसांच्या ट्रकाची एकूण वजनमर्यादा 2018 साली 16.2 टनांवरून 18.5 टन झाली. 2019 च्या दुरुस्तीने जादा भारास वीस हजार रुपये व प्रत्येक जादा टनास दोन हजार रुपये दंड ठरला. पाटे आता कारखान्यातून तयार येतात. जुन्या भट्ट्यांची व त्या चालविणाऱ्यांची माहिती ज्या बांधवांपाशी असेल, त्यांनी ती पुढील अंकासाठी संपादकांकडे अवश्य पाठवावी.