गांवच्या हिरवळीची राखण

१९६८ सालच्या नोव्हेंबरच्या २२ तारखेस ब्रिटनमधील दुकानांत दोन नव्या तबकड्या एकाच दिवशीं विक्रीस आल्या. पहिली होती बीटल्स या जगद्विख्यात संचाची. पांढऱ्या कोऱ्या वेष्टनांतील ती जोड-तबकडी पाहतां पाहतां विक्रीच्या यादींत अग्रस्थानीं जाऊन बसली. दुसरी होती 'द किंक्स' या संचाची. तिचें नांव मोठें लांबलचक : 'द किंक्स आर द व्हिलेज ग्रीन प्रिझर्वेशन सोसायटी', म्हणजे गांवच्या हिरवळीचें रक्षण करणारें मंडळ तें हेंच. ही दुसरी तबकडी ना ब्रिटनच्या यादींत आली, ना अमेरिकेच्या. आज मात्र रॉक संगीताचा इतिहास लिहिणाऱ्याला तिला वगळून पुढें जातां येत नाहीं. मधल्या काळांत तिच्यांतील एकहि सूर बदललेला नाहीं. मग बदललें तें काय?

किंक्स हा कांहीं अप्रसिद्ध संच नव्हता. उत्तर लंडनमधील मझवेल हिल भागांतले रे आणि डेव्ह डेव्हिस हे दोघे बंधु, बेस गिटार वाजविणारा पीट क्वेफ व ड्रम वाजविणारा मिक एव्हरी, अशा चौघांनीं १९६४ सालीं 'यू रिअली गॉट मी' या गाण्यानें ब्रिटनमध्यें पहिला क्रमांक पटकाविला होता. धाकट्या डेव्हनें ध्वनिक्षेपकाचा पडदा पात्यानें चिरून त्यांतून जो फाटका, खरखरीत नाद काढला, त्याचे प्रतिध्वनि पुढच्या कित्येक संचांच्या वादनांत उमटले. थोरला रे हा गीतकार. त्याचा कान मोठा सावध. १९६५ च्या जानेवारींत ऑस्ट्रेलियाच्या वाटेवर हा संच मुंबईस थांबला असतां, सकाळीं कामावर निघालेल्या कोळ्यांचें गाणें त्याच्या कानीं पडलें. त्या सुरांच्या आठवणींतून 'सी माय फ्रेंड्स' हें गीत जन्मास आलें. त्यांतील गिटार तंबोऱ्यासारखी एकाच स्वराभोंवतीं घुमत राहते. बीटल्सच्या तबकडींत सतार ऐकूं येण्यापूर्वीं कांहीं महिने हें घडलें.

परक्या किनाऱ्यावरचा सूर टिपणारा हा कान पुढें आपल्याच गल्लीकडे वळला. त्याला निमित्तहि तसेंच घडलें. १९६५ सालींच अमेरिकेंतील वादकांच्या संघटनेनें किंक्सना तेथें कार्यक्रम करण्याची परवानगी नाकारली, आणि ही आडकाठी १९६९ पर्यंत टिकली. समकालीन ब्रिटिश संच अमेरिका जिंकण्यांत गुंतले असतां रे डेव्हिस घरींच राहिला व घराकडे पाहूं लागला. १९६७ मधील 'वॉटर्लू सनसेट' हें थेम्स नदीवरच्या सायंकाळचें गीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोंचलें. तत्पूर्वींच, १९६६ च्या नोव्हेंबरांत, 'व्हिलेज ग्रीन' या गाण्याचें मुद्रण झालें होतें. पुढील सर्व संग्रहाचें बीज तें हेंच.

इंग्लंडच्या जुन्या खेड्यांत मध्यभागीं गवताचें एक मोकळें पटांगण असतें. भोंवतीं चर्च, दुकानें, जुनीं घरें. पटांगणांत मुलांचे खेळ, जत्रा, क्रिकेट. आपल्याकडे गांवच्या पाराला जें स्थान, कांहींसें तेंच या हिरवळीला तेथें आहे. आणि त्या वर्षांत इंग्लंडांत जुनें तें झपाट्यानें नाहींसें होत होतें. लंडनच्या यूस्टन स्थानकाची भव्य दगडी कमान १९६१-६२ मध्यें पाडण्यांत आली. १९६३ च्या बीचिंग अहवालानंतर खेड्यापाड्यांतून जाणारे कित्येक लोहमार्ग बंद पडले. १९६८ च्या ११ ऑगस्टला ब्रिटिश रेल्वेनें मुख्य मार्गावरची वाफेच्या इंजिनाची शेवटची उतारूगाडी चालविली. त्याच वर्षीं मे महिन्यांत पूर्व लंडनमधील रोनन पॉइंट या बावीस मजली इमारतीचा एक कोपरा गॅसच्या स्फोटानें वरपासून खालपर्यंत ढासळला आणि चौघांचे प्राण गेले. त्या घरांत लोक राहावयास येऊन उणेपुरे दोन महिने झाले होते. संग्रहाच्या शीर्षकगीतांत मुरंबा, चिनी मातीचे पेले, लहान दुकानें आणि ट्यूडरकालीन घरें यांच्या रक्षणाची प्रतिज्ञा आहे व उंच इमारतींचा धिक्कार आहे. वरवर ती थट्टा वाटते. पण तिच्यामागें ही खरीखुरी पडझड उभी होती.

तथापि हा संग्रह म्हणजे केवळ गतकाळाचें रडगाणें असें समजणें चूक होईल. त्यांतील वॉल्टरचें गीत पाहावें. शाळासोबती वॉल्टर एके काळीं साऱ्या जगाशीं झुंजण्यास निघालेला; आतां तो लठ्ठ, संसारी झाला असेल, आणि जुन्या गोष्टी काढल्या तर जांभया देईल, हें गाणारा जाणून आहे. माणसें बदलतात, त्यांच्या आठवणी तेवढ्या तशाच राहतात, एवढाच त्याचा निष्कर्ष. वाफेचें शेवटचें इंजिन स्वतःची कैफियत सांगतें. पण सांगतें तें संग्रहालयांतून! 'व्हिलेज ग्रीन' मधील नायक कीर्तीच्या मागें लागून स्वतःच गांव सोडून गेला आहे, आणि त्याच्या मागें तेथें छायाचित्रें काढणारे परदेशी प्रवासी येऊन पोंचले आहेत. अखेरच्या गाण्यांत तर आपण कधीं काळीं होतों याचा पुरावा म्हणून माणसें एकमेकांचीं छायाचित्रें काढीत बसतात. जतन करणें आणि मसाला भरून ठेवणें यांतील सीमा किती पुसट आहे, हें या गीतकारानें पुरतें ओळखलें होतें. 'जपा' असें म्हणत असतांनाच 'जपून हातीं काय उरतें?' असा प्रश्न तो विचारतो, आणि संग्रहाची खोली याच दुहेरीपणांत आहे.

तबकडीची सिद्धताहि सुखासुखी झाली नाहीं. १९६८ च्या शरदांत बारा गाण्यांची एक आवृत्ति तयार होऊन फ्रान्स, स्वीडन इत्यादि देशांत निघालीसुद्धां. पण ऐन वेळीं रे डेव्हिसनें ब्रिटनमधील प्रकाशन थांबविलें. त्याला वीस गाण्यांची जोड-तबकडी हवी होती. पाय कंपनी तयार होईना. शेवटीं पंधरा गाण्यांवर तडजोड झाली. या विलंबानें बीटल्सशीं गांठ घालून दिली खरी. पण वाफेच्या इंजिनाचें गाणें आणि 'बिग स्काय' हें उत्कृष्ट गीत हीं याच विलंबाचीं फळें होत. बदल्यांत 'डेज' हें गाणें गळलें. स्वतंत्र तबकडी म्हणून तें १९६८ मध्येंच बाराव्या क्रमांकास पोंचलें होतें. तेंच येथें नसावें, हें विक्रीच्या दृष्टीनें घातकच ठरलें असावें.

परंतु अपयशाचें मुख्य कारण त्या वर्षांतच होतें. पॅरिसच्या रस्त्यांवर विद्यार्थी उतरले होते, प्रागमध्यें रणगाडे शिरले होते, व्हिएतनामच्या युद्धाविरुद्ध लंडनमध्यें निदर्शनें होत होतीं. जुनें जग मोडावयास निघालेल्या तरुणाला कोणी मुरंब्याचें आणि मोडक्या मैत्रीचें गाणें ऐकवूं लागला, तर त्याचें लक्ष तिकडे जावें कसें? रोलिंग स्टोन पत्रिकेंत १९६९ सालीं पॉल विल्यम्स या टीकाकारानें तबकडीचें मनापासून स्वागत केलें. पण टीकाकारांच्या शाबासकीनें प्रती खपत नाहींत. त्याच वर्षीं पीट क्वेफ संच सोडून गेला, आणि मूळ चौघांचें हें शेवटचें संपूर्ण काम ठरलें.

मान्यता आली ती पावलापावलानें. १९८९ मध्यें कर्स्टी मॅकॉल या गायिकेनें 'डेज' गाइलें आणि तें पुन्हां बाराव्याच क्रमांकास पोंचलें. १९९० नंतरच्या दशकांत ब्लरसारख्या नव्या ब्रिटिश संचांनीं डेव्हिसचें ऋण उघडपणें मान्य केलें. २००३ मध्यें ज्या रोलिंग स्टोननें सर्वकालीन ५०० श्रेष्ठ तबकड्या निवडल्या, त्यांत हिला स्थान मिळालें. २००४ च्या सुमारास ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीनें छायाचित्रें छापणाऱ्या यंत्रांच्या जाहिरातीसाठीं 'पिक्चर बुक' हें गाणें वापरलें. छायाचित्रांच्या वहीची थट्टा करणाऱ्या गीतानेंच छायाचित्रें विकावींत, हा दैवाचा विनोदच! २०१८ सालीं, प्रकाशनाच्या पन्नासाव्या वर्षीं, ब्रिटनमधील एक लाखाच्या विक्रीबद्दल या तबकडीला सुवर्णमान मिळाला. बीटल्सच्या तबकडीनें जें कांहीं दिवसांत साधलें, त्याहून कितीतरी थोड्यासाठीं हिला अर्धें शतक लागलें.

तेव्हां बदलला तो श्रोता. १९६८ मधील विशीच्या तरुणापाशीं गमावण्यासारखें अजून कांहीं जमलेंच नव्हतें. पुढें त्याचाहि एक वॉल्टर झाला, त्याचीहि शाळा पाडली गेली, त्याच्याहि घरीं छायाचित्रांची वही पिवळी पडली. आणि मग एका दिवशीं ही जुनी तबकडी लावतांच, आपल्याविषयींच कोणी गात आहे असें त्याला वाटलें. नवल एवढेंच कीं, सारें आयुष्य मागें टाकून आलेल्या वृद्धाच्या नजरेनें हीं गाणीं लिहिणारा रे डेव्हिस त्या वेळीं अवघा चोवीस वर्षांचा होता. ज्या वयांत इतर पुढें धांवत होते, त्या वयांत त्यानें मागें वळून पाहिलें. त्याच्या श्रोत्यांना त्या ठिकाणीं येऊन पोंचण्यास तेवढा वेळ लागला, इतकेंच.